शब्द किती येतात, हे विचारणे थांबवावे : कोकणातील केंद्रप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांचे सर्व केंद्रप्रमुख

विषय : मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवण्याच्या पद्धतीबाबत

सन्माननीय महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी निवृत्तीपर्यंत इंग्रजी शिकवले. प्राथमिक शाळांतून सातवी पूर्ण करून आलेली मुले आठवीला माझ्यासमोर बसत, त्यामुळे इंग्रजी शब्दांवर तिथे घेतलेल्या कष्टांचे पुढे काय होते हे मला वर्षानुवर्षे जवळून पाहायला मिळाले. त्या कष्टांविषयी मला आदर आहे. दोनशिक्षकी शाळेत चार-पाच इयत्ता सांभाळून, पोषण आहाराचा हिशेब ठेवून आणि ऑनलाइन माहिती भरून उरलेल्या वेळात शिक्षक मुलांकडून शेकडो शब्द पाठ करून घेतात, ही सोपी गोष्ट नाही. मात्र हे कष्ट अस्थानी खर्च होत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मी मंत्रालयाला न कळवता आपल्याला कळवत आहे, कारण शाळाभेटीच्या दिवशी आपण मुलांना काय विचारता आणि शेरेबुकात काय नोंदवता, यावरच त्या शाळेतले पुढचे कितीतरी महिने इंग्रजीच्या तासाला काय चालणार हे ठरते.

आज बहुतेक ठिकाणी चित्र साधारण सारखेच दिसते. परिपाठात एक मूल 'आजचा शब्द' सांगते, फळ्याच्या कोपऱ्यात रोज पाच नवे शब्द लिहिले जातात, भिंतींवर फळे, भाज्या, प्राणी आणि वाहने यांचे तक्ते रंगवलेले असतात, आणि मुलांच्या वहीत तीन रकाने असतात : इंग्रजी शब्द, देवनागरीत उच्चार, मराठी अर्थ. साहेब भेटीला आले की वर्गशिक्षक एखाद्या चुणचुणीत मुलाला उभे करतात आणि ते मूल 'बी-आर-आय-एन-जे-ए-एल ब्रिंजल, ब्रिंजल म्हणजे वांगे' अशा एकामागून एक भाज्या एका दमात म्हणून दाखवते. कुठे पाचशे शब्दांचा, तर कुठे हजार शब्दांचा उपक्रम होतो, त्याच्या स्पर्धा लागतात, आणि शेरा पडतो : 'इंग्रजी शब्दसंग्रह उत्तम.'

अशा स्पर्धांत बक्षिसे मिळवलेली एक मुलगी एका वर्षी माझ्या वर्गात आली. तिची शब्दांची वही मी चाळली होती. कॉलिफ्लॉवर, क्रोकोडाइल, एरोप्लेन, रेक्टँगल असे सगळे शब्द सुवाच्य अक्षरात होते आणि स्पेलिंग एकही चुकलेले नव्हते. तिला मी एका साध्या गोष्टीतले वाक्य वाचायला दिले : 'बिफोर ही वेंट आउट, ही पुट ऑन हिज शर्ट अँड टुक सम मनी फ्रॉम द बॉक्स.' तिने ते न अडखळता वाचले. अर्थ विचारला तेव्हा 'शर्ट', 'मनी' आणि 'बॉक्स' या तीन शब्दांवर बोट ठेवून ती थांबली आणि म्हणाली, "सर, शब्द सगळे येतत, पण काय म्हणता ता कळना नाय."

तिचे म्हणणे तंतोतंत खरे होते. 'पुट', 'टुक', 'वेंट', 'सम', 'फ्रॉम', 'बिफोर' हे शब्द तिच्या डोळ्यांखालून दुसरी-तिसरीपासून जात होते. परंतु त्यांचे चित्र काढता येत नाही, तक्ता रंगवता येत नाही आणि स्पर्धेत ते ऐकायला भारदस्तही वाटत नाहीत, म्हणून कोणत्याही यादीत त्यांना जागा मिळाली नव्हती. 'पुट' म्हणजे ठेवणे, एवढे पाठ केल्याने शर्ट घालण्यापर्यंत पोचता येत नाही. तिथे पोचायला तो शब्द शर्ट, टोपी आणि चप्पल यांच्या सोबतीने अनेकदा कानावर पडावा लागतो. पहिलीपासून इंग्रजी हा निर्णय महाराष्ट्रात २००० साली अमलात आला. त्याआधी ते पाचवीपासून होते. वाढवून मिळालेल्या त्या चार वर्षांचा मोठा भाग आपण वस्तूंची नावे गोळा करण्यात घालवला, असे आज म्हणावे लागते.

याच प्रश्नावर पूर्वी आपल्याच उपखंडात काम झालेले आहे. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ब्रिटिश अमदानीत ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि बंगाली मुलांना इंग्रजी वाचन का जमत नाही, याचा शोध त्यांनी तिथे घेतला. वाचनाच्या पुस्तकांत नवे शब्द फार दाट येतात आणि आलेला शब्द पुन्हा पुरेसा भेटत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. वारंवार लागणारे शब्द आधी पक्के करावेत, या विचारातून पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे २००० मूळ शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातील दर शंभर शब्दांपैकी ऐंशीच्या आसपास शब्द या यादीतले किंवा त्यांची रूपे असतात. यादी आता जुनी झाली आहे आणि २०१३ मध्ये तिची सुधारित, सुमारे २८०० शब्दांची नवी यादीही तयार झाली. परंतु मूळ तत्त्व बदललेले नाही. त्याच्या उलट टोकाला पाहावे, तर वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोणाच्या मदतीशिवाय वाचण्यासाठी, एका मूळ शब्दाची सगळी रूपे एकत्र धरूनही, आठ ते नऊ हजार शब्द लागतात, असा हिशेब न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडला. एवढे शब्द फळ्याच्या कोपऱ्यातून येणे शक्यच नाही. ते वाचनातूनच येतात, आणि वाचन सुरू व्हायचे तर पहिले दोन हजार हाडीमांसी मुरलेले असावे लागतात.

आता थोडा हिशेब करू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे. सात वर्षांत दोन हजार शब्द म्हणजे वर्षाला तीनशेहूनही कमी आणि दिवसाला दीडपेक्षा कमी. रोज पाच शब्दांची घाई कोणासाठी चालली आहे, हा प्रश्न या आकड्यांतून आपोआप उभा राहतो. दिवसाला एकच नवा शब्द घेतला आणि उरलेला सगळा वेळ जुन्यांच्या पुनर्भेटीला दिला, तरी सातवीचे मूल आजच्यापेक्षा कितीतरी पुढे असेल.

तक्त्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ते इतके स्वाभाविक वाटतात की त्यांच्याविषयी कोणी शंका घेत नाही. भाज्या एका दिवशी, रंग दुसऱ्या दिवशी, वार तिसऱ्या दिवशी, अशी गटवार मांडणी शिक्षकाला सोयीची असते. भाषाशिक्षणाचे संशोधक थॉमस टिंकम यांनी १९९३ मध्ये आणि त्यांच्यानंतर जपानमध्ये रॉब वेअरिंग यांनी १९९७ मध्ये केलेल्या प्रयोगांत मात्र असे दिसले की, अर्थाने एकमेकांच्या जवळचे नवे शब्द एकत्र शिकवले तर ते लक्षात राहायला अधिक वेळ लागतो, कारण ते एकमेकांत मिसळतात. आपल्या मुलांचे 'ट्यूजडे' आणि 'थर्सडे' आयुष्यभर का गोंधळतात, 'लेफ्ट' म्हणताना उजवा हात का वर जातो, याचे उत्तर इथे आहे. दोन्ही एकाच दिवशी, एकाच तक्त्यावर शिकवलेले असतात. गावच्या आठवडा बाजाराचा वार आधी शिकवावा, तो महिनाभर वापरात राहू द्यावा आणि मगच दुसरा घ्यावा. सगळे वार ओळीने म्हणता येणे ही नंतरची गोष्ट आहे. सगळे शब्द ओळखीचे झाल्यावर त्यांचा तक्ता करायला माझी हरकत नाही. उजळणीला तो चांगलाच आहे. शिष्यवृत्ती परीक्षेत 'गटात न बसणारा शब्द ओळखा' असे प्रश्न येतात म्हणून गटच पाठ करून घ्यावे लागतात, असे शिक्षक सांगतात. ती अडचण खरी आहे, पण त्या परीक्षेला बसणाऱ्या मूठभर मुलांची तयारी ही पहिलीतल्या प्रत्येक मुलाची शिक्षणपद्धती होऊ नये.

दुसरी गोष्ट विचारण्याची. भिंतीवर कायम दिसणारा शब्द मुलांना येतो, असे आपण समजतो. कार्पिकी आणि रोडिगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थासह शिकवले. एकदा आलेला शब्दही ज्यांना पुन्हा पुन्हा विचारला गेला, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. आलेला शब्द ज्यांना विचारणे बंद केले आणि नुसता वाचायला दाखवत राहिले, त्यांना जेमतेम एक तृतीयांशाच्या आसपास. स्मरणातून ओढून काढण्याची क्रियाच शब्द पक्का करते. ती थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने झाली तर अधिक चांगले, हे तर जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांच्या स्मरणावरील १८८५ च्या प्रयोगांपासून माहीत आहे. यासाठी खर्च काहीच नाही. एका खोक्यात पुठ्ठ्याचे तीन कप्पे करावेत. शब्द असलेले चिठ्ठीवजा कार्ड पहिल्या कप्प्यात रोज, दुसऱ्यात आठवड्याने आणि तिसऱ्यात महिन्याने विचारावे. उत्तर आले तर कार्ड पुढच्या कप्प्यात जाईल, न आल्यास परत पहिल्यात येईल. जर्मनीतील सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही रीत चौथीची मुले आपापसात, शिक्षक दुसऱ्या इयत्तेकडे वळलेले असताना चालवू शकतात. बहुवर्ग शाळेला याहून सोयीचे साधन मला माहीत नाही.

कार्डावर सुटा शब्द न लिहिता छोटे वाक्य लिहावे आणि ते इथल्या मुलाच्या जगण्यातले असावे, हा माझा आग्रह आहे. मिरकरवाडा, हर्णै, देवगड किंवा मालवणच्या बंदरावर वाढलेल्या मुलाच्या तोंडी इंजिन, डिझेल, जेटी, ट्रॉलर, वायरलेस, आइस, लाइट हे शब्द शाळेत येण्याआधीच असतात. बागायतदाराच्या घरातल्या मुलाला बॉक्स, पॅकिंग, ग्रेडिंग, स्प्रे, रेट, पल्प कोणी शिकवावे लागत नाहीत. ही नावे फुकट मिळालेली आहेत. त्यांच्याभोवती हवीत ती क्रियापदे आणि जोडणारे छोटे शब्द : 'द इंजिन डिड नॉट स्टार्ट', 'पुट द आइस ऑन द फिश', 'धिस बॉक्स इज टू हेवी', 'द बोट केम बॅक बिफोर द रेन'. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि नेमकी त्याच सुमारास शाळा उघडते. त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या शाळांनी 'वी कान्ट गो', 'वी मस्ट वेट', 'माय फादर इज मेंडिंग द नेट' एवढी वाक्ये जरी खेळवली, तरी 'कान्ट', 'मस्ट' आणि 'इज'नंतरचे क्रियापद या तिन्ही गोष्टी एकदम हाती लागतात. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आहे. स्थानकाजवळच्या वाड्यांतली मुले तिच्या उद्घोषणांची हुबेहूब नक्कल करतात, 'अटेन्शन प्लीज'पासून गाडी उशिरा धावत असल्याच्या दिलगिरीपर्यंत. ती नक्कल वर्गात करू द्यावी आणि 'अराइव्ह', 'लेट', 'शॉर्टली' म्हणजे काय, ते त्यांच्याकडूनच काढून घ्यावे.

इथे दोन सवयींबद्दल सांगणे भाग आहे. इंग्रजी ओळीच्या वर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून ठेवण्याची पद्धत शिक्षकांना मदतीची वाटते. प्रत्यक्षात मुलाचे डोळे वरची देवनागरीच वाचतात आणि खालची रोमन अक्षरे अनोळखीच राहतात. माझ्या वर्गात आलेली कित्येक मुले पेन्सिलीची ओळ खोडली की मुकी होत. पहिल्या ओळखीपुरता उच्चार फळ्यावर लिहून पुसून टाकावा. दुसरी सवय याच्या उलट आहे : इंग्रजीच्या तासाला मराठीचा एकही शब्द येऊ नये, हा हट्ट. नवशिक्या मुलाला अर्थ कळण्याचा सर्वांत जवळचा रस्ता त्याच्या घरच्या बोलीतून जातो. बाईंनी 'बिकॉज'चा अर्थ मालवणीत एका शब्दात सांगितला आणि वाचलेला वेळ त्या शब्दाची चार वाक्ये ऐकवण्यात घालवला, तर शेरेबुकात त्याबद्दल नापसंती येऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शब्दांच्या या प्रदर्शनामागे एक भीती आहे, तिच्याबद्दल उघडपणे बोलायला हवे. वाडीच्या तिठ्यावर सकाळी इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी उभी राहते, दर जूनमध्ये पट दोन-चारने घटतो आणि गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची मुले अंगणात इंग्रजीत बोलू लागली की इथल्या पालकांना आपले मूल मागे पडल्यासारखे वाटते. स्नेहसंमेलनात घडाघडा म्हटलेले दोनशे शब्द हे शिक्षकांनी या भीतीला दिलेले उत्तर आहे. मला त्यात शिक्षकांचा दोष दिसत नाही, पण हे उत्तर टिकाऊ नाही, हे पालकांनाही आठवी-नववीत कळतेच. दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात वर्षानुवर्षे आघाडीवर असतो याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. तरीही त्या उत्तीर्ण मुलांपैकी किती जण इंग्रजीतले औषधाचे वेष्टन किंवा यंत्राची माहितीपुस्तिका वाचून घरच्यांना समजावू शकतात, हे आपण सगळे जाणतो. मुलांना वाचता येते का हे तपासणाऱ्या 'असर'च्या २०२२ च्या ग्रामीण सर्वेक्षणात देशभरातल्या पाचवीच्या साधारण एक चतुर्थांश मुलांनाच इंग्रजीतली सोपी वाक्ये वाचता आली, आणि ज्यांना वाचता आली त्यांतल्याही बऱ्याच मुलांना अर्थ सांगता आला नाही. पालकांसमोर दुसरा पुरावा ठेवता येईल. पूर्वी न पाहिलेली आठ-दहा ओळींची इंग्रजी गोष्ट मुलाने त्यांच्या देखत वाचावी आणि लगेच घरच्या बोलीत सांगावी. जी आई स्वतः इंग्रजी शिकलेली नाही, तिलाही आपल्या मुलाला काय येते हे त्यातून तात्काळ समजते.

अशा गोष्टी आणायच्या कुठून, हा प्रश्न योग्य आहे. पाठ्यपुस्तक एकटे पुरत नाही. एक शब्द पक्का होण्यासाठी तो वेगवेगळ्या वाक्यांत दहाच्या आसपास वेळा तरी भेटावा लागतो आणि तेवढ्या भेटी एका पुस्तकात बसत नाहीत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या २०१५ पासून चालू असलेल्या संकेतस्थळावर चार पायऱ्यांत विभागलेल्या सचित्र गोष्टी विनामूल्य मिळतात, त्या छापून घेता येतात आणि त्यांतल्या अनेक गोष्टी मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहेत. आधी मराठीत वाचलेली गोष्ट नंतर इंग्रजीत वाचताना मूल निम्मे ओझे टाकून आलेले असते. अशा तीस-चाळीस गोष्टींची एक पेटी केंद्रशाळेत करावी आणि ती दर महिन्याला शिक्षण परिषदेच्या दिवशी एका शाळेकडून दुसरीकडे जावी. शिक्षक त्या दिवशी एकत्र येतातच, त्यामुळे वाहतुकीचा वेगळा प्रश्न उरत नाही. पावसात पुस्तके ओलसर होऊन चिकटतात, म्हणून पेटी पत्र्याची नको, झाकणाची प्लास्टिकची घ्यावी आणि आत कापराच्या वड्या टाकाव्यात. हे किरकोळ वाटेल, पण वाळवी आणि बुरशीने खाल्लेली शाळेची ग्रंथालये मी पुष्कळ पाहिली आहेत.

आपल्याकडून माझी अपेक्षा मोठी नाही. पुढच्या भेटीत 'किती शब्द येतात' असे न विचारता आपण सोबत नेलेले चार ओळींचे इंग्रजी मुलांपुढे ठेवावे, आणि तेही वर्गातल्या पुढच्या बाकावरच्या मुलाला न देता मधल्या रांगेतल्या एखाद्याला द्यावे. मूल अडले तर कोणत्या शब्दावर अडले ते लिहून घ्यावे. दहा शाळांतून जमलेली ती टिपणे शिक्षण परिषदेत एकत्र पाहिली, तर आपल्या केंद्रातल्या मुलांना नेमके कोणते शब्द हवेत याची यादी कोणत्याही परिपत्रकाशिवाय तयार होईल. ती यादी 'बिफोर', 'टुक', 'विदाउट', 'इनफ' अशाच शब्दांनी भरलेली असेल, असे मी आत्ताच सांगून ठेवतो. हजार शब्दांच्या स्पर्धा या वर्षापुरत्या स्थगित ठेवता आल्या तर उत्तमच; ते शक्य नसेल तर निदान स्पर्धेत शब्दाऐवजी वाक्य विचारले जावे.

माझ्या काही माजी विद्यार्थ्यांची छपाईची आणि झेरॉक्सची दुकाने आहेत. गोष्टींच्या पहिल्या काही पेट्यांची छपाई व शिलाई ते कागदाच्या खर्चात करून देण्यास तयार आहेत. गोष्टी निवडण्याचे आणि पायऱ्या लावण्याचे काम आम्ही तिघे-चौघे निवृत्त शिक्षक करू. देवगड आणि शेजारच्या राजापूर तालुक्यातील ज्या केंद्रांना हे हवे असेल, त्यांनी शाळांची संख्या आणि तिसरी ते सातवीचा पट एवढे कळवावे, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत पेट्या तयार करून दुसऱ्या सत्राच्या पहिल्या शिक्षण परिषदेला पोचत्या करता येतील.

आपला नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक
देवगड तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग